मालकाच्या गैरकृत्यामुळे व्यवसायावर बहिष्कार टाकावा का? निर्णय घेण्याची एक पद्धत

ज्या ठिकाणी आपण नेहमी खरेदी करतो त्याच्या मालकाने काही गंभीर गैरकृत्य केल्याचे कानावर येते, तेव्हा बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया दोनपैकी एक असते. काहीजण ‘आता तिथे पाऊल ठेवणार नाही’ असे ठरवून मोकळे होतात, तर काहीजण ‘त्याच्या खासगी भानगडींशी आपल्याला काय करायचे आहे’ असे म्हणून विषय सोडून देतात. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत, परंतु दोन्हींत घाई आहे. पुढे दिलेली पद्धत ही घाई टाळण्यासाठी आहे. स्वतः जाणे थांबवणे आणि इतरांना थांबायला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी लागणारा पुरावा पहिलीपेक्षा कितीतरी अधिक भक्कम असला पाहिजे, हे त्या पद्धतीमागचे मुख्य सूत्र आहे.

आपले गिऱ्हाईकपण काढून घेण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. मन रमत नाही, मालकाचा चेहरा पाहवत नाही, एवढे कारणही त्यासाठी पुरेसे असते, आणि ते कोणाला पटवून देण्याची गरज नसते. मात्र ‘तुम्हीही जाऊ नका’ असे शेजाऱ्याला किंवा समाजमाध्यमावरील हजारभर लोकांना सांगताना आपण एका माणसाच्या उपजीविकेबद्दल आणि अब्रूबद्दल विधान करत असतो, आणि त्या विधानाची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून सुरुवातीलाच स्वतःला विचारावे की, आपल्याला नेमके काय हवे आहे? गैरकृत्यात आपला पैसा नको एवढेच हवे आहे, की मालकाच्या वागण्यात बदल घडवायचा आहे? पहिलेच हवे असेल तर या लेखाचा बराचसा भाग आपल्यासाठी नाही. शांतपणे दुसरीकडे जावे. दुसरे हवे असेल तर पुढचे वाचावे.

काय घडले, याची शहानिशा

स्थानिक बातमी कर्णोपकर्णी पसरते, आणि प्रत्येक कानाबरोबर तिच्यात थोडी भर पडते. त्यामुळे ऐकलेल्या गोष्टीची पायरी ठरवणे हे पहिले काम होय. कोणीतरी कोणाकडून तरी ऐकले ही सर्वांत खालची पायरी झाली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतः, स्वतःच्या नावाने सांगितले असेल तर ती त्यापेक्षा बरीच वरची. पोलिसांत गुन्हा नोंदवला जाणे, आरोपपत्र दाखल होणे, न्यायालयाने दोषी ठरवणे आणि अपिलातही तो निकाल कायम राहणे या त्यापुढच्या पायऱ्या, आणि त्यांतील प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. गुन्हा नोंदवला गेला म्हणजे तक्रार झाली. गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. अटक झाली आणि जामीन मिळाला, यावरूनही दोष किंवा निर्दोषत्व काहीच ठरत नाही. कामगार न्यायालयाचा आदेश, ग्राहक आयोगाचा निकाल, परवाना रद्द झाल्याची नोटीस अशी कागदपत्रे बहुधा पाहायला मिळू शकतात, आणि अर्धा तास खर्चून ती शोधणे हे दहा जणांचे मत विचारण्यापेक्षा उपयुक्त ठरते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. लैंगिक छळ, घरगुती हिंसा, धमक्या अशा अनेक गोष्टी कागदावर कधीच येत नाहीत, कारण तक्रार करणाऱ्यालाच किंमत मोजावी लागते. मग निकालाची वाट पाहायची म्हणजे नेहमी बलवानाच्याच बाजूने उभे राहायचे का? माझ्या मते नाही. पीडित व्यक्तीच्या थेट सांगण्यावर विश्वास ठेवून स्वतः जाणे थांबवायला काहीच हरकत नाही. परंतु जाहीर आवाहन करण्यापूर्वी त्या व्यक्तीला ते हवे आहे का, हे तिलाच विचारावे. तिच्या नावाने चाललेल्या मोहिमेचा सर्वाधिक त्रास पुष्कळदा तिलाच होतो, आणि तिची ओळख उघड होण्याचा धोका तिने पत्करायचा की नाही हे आपण ठरवू शकत नाही.

शहानिशा करण्यात आणखी एक साधी बाब येते: आपण योग्य माणसापर्यंत पोहोचलो आहोत ना? २०१८ च्या जून महिन्यात अमेरिकेत व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथील ‘रेड हेन’ या उपाहारगृहाने राष्ट्राध्यक्षांच्या माध्यम सचिवांना जेवण देण्यास नकार दिला. त्यानंतर संतापलेल्या लोकांनी त्याच नावाच्या, परंतु काहीही संबंध नसलेल्या, इतर शहरांतील उपाहारगृहांवर निंदेचा आणि धमक्यांचा भडिमार केला. त्या ठिकाणांच्या मालकांना ‘ते आम्ही नव्हे’ हे सांगत बसावे लागले.

ओहायो राज्यातील ओबर्लिन येथील प्रकरण याहून बोधक आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथील एका जुन्या बेकरीत दारूच्या बाटल्यांवरून चोरीचा प्रसंग घडला, विद्यार्थी आणि दुकानातील माणूस यांच्यात झटापट झाली आणि तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी दुकानासमोर निदर्शने सुरू झाली. वाटलेल्या पत्रकात या दुकानाला वंशभेदाचा जुना इतिहास असल्याचे लिहिले होते. ओबर्लिन महाविद्यालयाची एक अधिकारी तेथे उपस्थित होती, आणि महाविद्यालयाने काही काळ दुकानातून माल घेणेही थांबवले. पुढच्या वर्षी त्या तिघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दुकानदाराचे वागणे वंशभेदातून आलेले नव्हते असेही नमूद केले. दुकानमालकांनी बदनामीचा दावा लावला, २०१९ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिल्यानंतर २०२२ मध्ये महाविद्यालयाला ३.६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. खरेदी थांबवल्याबद्दल किंवा घोषणा दिल्याबद्दल विद्यार्थ्यांवर हा खटला नव्हता. जे सिद्ध करता येत नव्हते ते खरे म्हणून पसरवण्यात संस्थेने हात दिला, हा खटल्याचा गाभा होता. जाहीर आवाहन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवावा.

गैरकृत्याचे व्यवसायाशी नाते काय?

सगळी गैरकृत्ये एका मापाने मोजता येत नाहीत. व्यवसाय हाच गैरकृत्याचे साधन असेल, म्हणजे कामगारांचे पगार बुडवले जात असतील, कर्मचाऱ्यांचा छळ होत असेल, वजनात मारले जात असेल किंवा एखाद्या समाजाच्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवले जात असेल, तर बहिष्काराचे समर्थन सर्वांत भक्कम असते, कारण आपला प्रत्येक खर्च त्या कृत्याला थेट हातभार लावतो. मालकाने व्यवसायाबाहेर गुन्हा केला असेल तर नाते दूरचे होते, पण संपत नाही: व्यवसायाच्या पैशातून तो साक्षीदारांवर दबाव आणत असेल किंवा व्यवसायामुळे मिळालेल्या प्रतिष्ठेच्या आडून तक्रारदाराला गप्प बसवत असेल, तर ते पुन्हा जवळचे होते. शिक्षा भोगून परत आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पोटावर पाय देत राहिल्याने कोणता बदल घडणार आहे, याचे उत्तर बहिष्कार सुचवणाऱ्याने द्यायला हवे. मला तरी ते क्वचितच पटण्यासारखे मिळते. अर्थात, ज्या कामात पुन्हा तोच धोका संभवतो, उदाहरणार्थ मुलांची देखभाल, तेथे सावधगिरी म्हणून दूर राहणे योग्यच आहे, आणि त्याला बहिष्कार म्हणण्याचीही गरज नाही.

मालकाची मते हा सर्वांत निसरडा भाग आहे. त्याची राजकीय मते आपल्याला असह्य वाटतात एवढ्यावरून जाहीर मोहीम उभारणे मला अयोग्य वाटते. मत आणि गैरकृत्य यांत फरक न करणाऱ्या वस्तीत लवकरच प्रत्येकाची दुकाने वेगळी होतात. तेच मत नोकरी देताना, पगार ठरवताना किंवा गिऱ्हाइकाशी वागताना कृतीत उतरत असेल, तेव्हा मात्र ते मत राहत नाही.

झळ कोणाला बसते, याचा हिशेब

बहिष्काराच्या चर्चेत नीतीविषयी खूप बोलले जाते आणि हिशेबाविषयी फार कमी. एक ढोबळ उदाहरण घेऊ. एखाद्या छोट्या व्यवसायाची विक्री १०० आहे असे समजा. त्यातील ६० मालाच्या खरेदीत जातात, ३५ भाडे, पगार आणि वीज यांत जातात, आणि ५ नफा उरतो. आता दहा टक्के गिऱ्हाईक तुटले आणि विक्री ९० वर आली. मालाचा खर्च घटून ५४ होतो, परंतु भाडे, पगार आणि वीज यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. ९० मधून ५४ आणि ३५ वजा केले की उरतो १. विक्री फक्त एक दशांशाने घटली, पण नफ्याचा चार पंचमांश भाग गेला. एवढ्या मोठ्या संस्थेला आपल्या एकट्याच्या न जाण्याने काय फरक पडतो, हा निराशेचा प्रश्न बड्या कंपनीच्या बाबतीत रास्त असला तरी, छोट्या स्थानिक व्यवसायाच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा असतो. थोडी माणसे पुरतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, नफा १ वर आल्यावर मालक सर्वप्रथम कशाला हात लावतो? भाडे कमी होत नाही. वीजबिल थोडे कमी होते. उरतात ते पगार. रोजंदारीवरच्या माणसाचे दिवस घटतात, अर्धवेळ कामगाराला ‘पुढच्या आठवड्यापासून येऊ नका’ असे सांगितले जाते, आणि गैरकृत्य करणारा मालक सर्वांत शेवटी पोळतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, हे येथे अक्षरशः घडते. म्हणून बहिष्काराचा विचार पक्का करण्यापूर्वी कामगारांना काय हवे आहे, हे जाणून घेणे मी अनिवार्य मानतो. ते कामावर असताना, गल्ल्यासमोर, मालकाच्या कानावर जाईल अशा रीतीने विचारू नये. काम सुटल्यावर, एकेकट्याला, नाव कुठेही येणार नाही असे सांगून विचारावे, आणि उत्तर देण्याची सक्ती करू नये.

कामगारांनी स्वतः बहिष्काराची हाक दिली असेल तर बहुतांश प्रश्न तेथेच मिटतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या इमोकाली येथील संघटनेने २००१ मध्ये ‘टाको बेल’ या साखळीवर बहिष्कार पुकारला. त्यांची एक ठळक मागणी अशी होती की, टोमॅटोच्या प्रत्येक पौंडामागे एक सेंट अधिक द्यावा आणि तो मजुरांपर्यंत पोहोचावा. २००५ मध्ये कंपनीने ती मान्य केली आणि बहिष्कार मागे घेतला गेला. ज्यांना झळ बसणार होती त्यांनीच ती पत्करली होती, आणि मागणी एका वाक्यात सांगता येत होती. या मोहिमेचे बळ माझ्या मते या दोन गोष्टींत होते.

पैसा नेमका कोणाकडे जातो, हेही पाहावे. दर्शनी नाव एकाचे आणि व्यवसाय दुसऱ्याचा, अशी स्थिती परवाना घेऊन चालवल्या जाणाऱ्या शाखांमध्ये नेहमीच असते. ‘पापा जॉन्स’ या पिझ्झा साखळीच्या संस्थापकाने एका बैठकीत वंशद्वेषी शब्द उच्चारल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि त्याला अध्यक्षपद सोडावे लागले. विक्री मात्र त्या नावाखाली शाखा चालवणाऱ्या स्वतंत्र चालकांचीही घटली, आणि कंपनीला त्यांच्यासाठी स्वामित्वशुल्कात सवलत द्यावी लागली. आपल्या परिसरातील शाखा दोषी व्यक्तीच्या मालकीची नसेल, तर रोष भलत्याच पत्त्यावर पोहोचतो.

आधी मालकाला कळवावे

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो: असमाधानी ग्राहकासमोर निघून जाणे आणि आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात. नुसते निघून जाणाऱ्या ग्राहकाची अडचण अशी की, तो मालकाला केवळ घटलेल्या विक्रीच्या रूपात दिसतो. विक्री का घटली हे त्याला कळत नाही, आणि तो त्याचे खापर मंदीवर, पावसावर किंवा नव्या स्पर्धकावर फोडून मोकळा होतो. ज्याला बदल हवा आहे त्याने कारण सांगितलेच पाहिजे, आणि ते लेखी सांगणे उत्तम. पत्र साधारण असे असावे:

‘मी अनेक वर्षांपासून आपल्याकडे नियमितपणे खरेदी करत आलो आहे. आपल्या दोन माजी कर्मचाऱ्यांच्या थकीत वेतनाबाबत कामगार न्यायालयाने दिलेला आदेश माझ्या वाचनात आला. आदेशातील मुदत उलटून गेल्यावरही ती रक्कम मिळालेली नाही, असे त्या कर्मचाऱ्यांनी मला सांगितले. ही माहिती चुकीची किंवा अपुरी असल्यास कृपया कळवावे. रक्कम चुकती होईपर्यंत मी आपल्याकडे खरेदी करणार नाही. ती चुकती झाल्याचे समजताच पूर्वीप्रमाणे येऊ लागेन.’

या पत्रात मालकाला दूषण देणारे एकही विशेषण नाही, हे लक्षात घ्यावे. माहिती कोठून मिळाली ते सांगितले आहे, चूक दुरुस्त करण्याची संधी दिली आहे, आणि मालकाने काय केले म्हणजे प्रकरण संपेल हेही स्पष्ट आहे. ‘तुम्ही चोर आहात’ असे लिहिणाऱ्याला उत्तर म्हणून वकिलाची नोटीस मिळते; असे पत्र लिहिणाऱ्याला पुष्कळदा खरेच उत्तर मिळते. दोन आठवडे थांबावे. पत्राला उत्तर न येणे हेसुद्धा एक उत्तर असते आणि पुढे इतरांना समजावताना ते उपयोगी ठरते. मालक हिंसक असेल किंवा पीडित व्यक्ती त्याच्याच छताखाली राहत असेल, तर मात्र पत्र पाठवू नये; तेथे पहिला मार्ग पोलिसांचा आणि पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांचा आहे.

याच टप्प्यावर अधिकृत तक्रारीचाही विचार करावा. पगार बुडवणे, भेसळ, परवान्याच्या अटींचा भंग यांसाठी सरकारी यंत्रणा असतात, आणि एका निरीक्षकाच्या भेटीने जे होते ते शंभर गिऱ्हाइकांच्या रुसव्याने होत नाही. यंत्रणा ढिम्म राहते हा अनुभव खोटा नाही, परंतु तक्रार दिल्याची पोच हातात असणे आणि नसणे यांत फरक असतो.

जाहीर आवाहन करायचे ठरल्यास

बहिष्कारांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ ब्रेडन किंग यांना मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत असे आढळले की, कंपन्या झुकतात त्या मुख्यतः विक्री घटल्यामुळे नव्हे, तर प्रसारमाध्यमांत अब्रू जाईल या भीतीने. स्थानिक व्यवसायाच्या बाबतीत विक्रीचाही फटका बसतो हे वर पाहिलेच, पण अब्रूचे वजन तेथे अधिकच असते, कारण मालक आणि गिऱ्हाईक रस्त्यात समोरासमोर येतात. म्हणूनच शब्दांना येथे सर्वाधिक धार असते आणि ते तोलून वापरणे सर्वाधिक गरजेचे असते.

‘हा मालक कामगारांना लुबाडतो’ हे वाक्य आणि ‘अमुक तारखेच्या आदेशानुसार दोन कामगारांची रक्कम देणे बाकी आहे’ हे वाक्य यांतील दुसरेच लिहावे. आरोप असेल तर आरोप म्हणावे, निकाल असेल तर निकाल. भारतात बदनामी हा केवळ दिवाणी नव्हे तर फौजदारी विषयही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधा कारावास होऊ शकतो. ‘मी लिहिले ते खरे आहे’ एवढाच बचाव या फौजदारी कलमात पुरत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. कोणी समाजमाध्यमावर उतावीळपणे चार ओळी लिहून झोपी जातो आणि सकाळी त्या चार ओळी पुसतो, तेव्हा मधल्या वेळेत त्यांची चित्रे इतरांच्या फोनमध्ये जमा झालेली असतात.

जेथे आपण कधी गेलोच नाही त्या ठिकाणाला निषेध म्हणून एक तारा देऊन खोटा अभिप्राय लिहू नये. असा अभिप्राय हा सरळ सरळ खोटेपणा असतो. शिवाय तो फारसा टिकतही नाही. एखादा व्यवसाय बातम्यांत आला की ‘येल्प’सारखी संकेतस्थळे तेथे आलेले, प्रत्यक्ष अनुभवावर न बेतलेले अभिप्राय हटवतात.

मागणी मात्र ठोस असावी. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील पोर्ट गिब्सन या छोट्या गावात १९६६ च्या वसंतात कृष्णवर्णीय नागरिकांनी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्याआधी त्यांनी मागण्यांची लेखी यादी दिली होती. शाळांतील वेगळेपणा संपवावा, पोलीस दलात कृष्णवर्णीयांना घ्यावे, अशा मोठ्या मागण्यांबरोबर त्या यादीत एक अगदी साधी मागणी होती: प्रौढ माणसाला ‘ए पोरा’ अशी हाक न मारता श्रीयुत, श्रीमती असे म्हणावे. ती मागणी पूर्ण झाली की नाही हे कोणालाही दुकानात उभे राहून ऐकता आले असते. आपली मागणीही अशीच पडताळून पाहता येण्याजोगी असावी; ‘मालकाने सुधारावे’ ही मागणी नव्हे.

ओलांडू नये अशी रेषा

पोर्ट गिब्सनचे प्रकरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. तेथे दुकानांबाहेर स्वयंसेवक उभे राहून आत जाणाऱ्यांची नावे टिपत, आणि ती नावे सभांमध्ये मोठ्याने वाचली जात. काही थोड्या प्रसंगी बहिष्कार मोडणाऱ्यांच्या घरांवर गोळीबार झाला. व्यापाऱ्यांनी दावा लावला, खालच्या न्यायालयाने साडेबारा लाख डॉलरची भरपाई ठोठावली, आणि अखेर १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शांततापूर्ण बहिष्कार, भाषण, घोषणा, इतकेच काय नावे वाचणेही संरक्षित आहे. भरपाई मागता येईल ती केवळ हिंसेमुळे झालेल्या नुकसानीची, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याची ती रेषा मला मान्य आहे. नावे वाचण्याची रीत मात्र मला पटत नाही. जो शेजारी तरीही तेथे खरेदी करतो त्याची कारणे आपल्याला ठाऊक नसतात, आणि त्याला लाज आणून मिळवलेली संख्या टिकाऊ नसते.

दबावाचे वर्तुळ वाढत कोठपर्यंत जाऊ शकते याचे जुने उदाहरण १८८० च्या आयर्लंडमधील आहे. मेयो परगण्यातील लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी आणि गावाने सर्व व्यवहार तोडले. शेतमजूर गेले, लोहार आणि धोबीण यांनी काम नाकारले, दुकानदारांनी माल देणे थांबवले. त्याचे पीक काढण्यासाठी बाहेरून आलेल्या सुमारे पन्नास मजुरांच्या रक्षणासाठी सरकारला शेकडो सैनिक आणि पोलीस तैनात करावे लागले, आणि त्या बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. हत्यार परिणामकारक होते यात शंका नाही. परंतु यात सामील झालेल्या प्रत्येक गावकऱ्याने ते स्वेच्छेने केले असे नाही. काहींना धमक्या मिळाल्या होत्या.

म्हणून रेषा स्पष्ट आखावी. मालकाकडे खरेदी न करणे ठीक. त्याला माल पुरवणाऱ्याला धमकावणे ठीक नाही. त्याच्या कृत्याबद्दल बोलणे ठीक. त्याच्या मुलांना शाळेत एकटे पाडणे, कुटुंबाला समारंभांतून वगळणे, घराचा पत्ता पसरवणे ठीक नाही. आणि मालकाच्या एका कृत्यावरून त्याच्या जातीच्या किंवा धर्माच्या सगळ्याच व्यावसायिकांकडे जाऊ नका असे कोणी सुचवले, तर तो माणूस मूळ गैरकृत्याबद्दल बोलतच नाही. त्याच्या हाती केवळ एक निमित्त लागले आहे, आणि अशा मोहिमेतून तत्काळ बाहेर पडावे. जात पंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये केलेल्या आणि २०१७ पासून अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एखाद्या व्यक्तीशी व्यवहार न करणे आणि तिला समाजातून बाहेर काढणे यांतील अंतर वाटते त्यापेक्षा कमी आहे, आणि जमाव ते न कळत पार करतो.

थांबायचे केव्हा

बहिष्कार सुरू करणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो कसा संपवायचा हे आधी ठरवतात. ‘नेस्ले’ कंपनीच्या अर्भक दुधाच्या प्रचाराविरुद्ध १९७७ मध्ये सुरू झालेला बहिष्कार १९८४ मध्ये मागे घेतला गेला, कारण जागतिक आरोग्य संघटनेची १९८१ ची आचारसंहिता पाळण्याचे कंपनीने मान्य केले. पुढे ते वचन पाळले जात नाही असे कार्यकर्त्यांना वाटले, तेव्हा १९८८ मध्ये बहिष्कार पुन्हा सुरू झाला. मागे घेण्याची तयारी होती म्हणूनच पुन्हा सुरू करण्याला वजन आले. ज्या मोहिमेला शेवटच नाही तिच्याशी बोलणी करण्याचे मालकाला काही कारण उरत नाही.

स्थानिक पातळीवर यासाठी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे: मागणी पूर्ण झाली का, नवी माहिती पुढे येऊन आपला समज चुकीचा ठरला का, आणि मालकी बदलली का. तिसऱ्या बाबतीत थोडी चौकशी करावी लागते. व्यवसाय खरोखर विकला गेला असेल तर नव्या मालकावर जुन्याचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. परंतु केवळ पाटी बदलून तो पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर केला असेल आणि गल्ल्यावर तोच माणूस बसत असेल, तर काहीच बदललेले नाही. समज चुकीचा ठरल्यास, ज्या ठिकाणी आवाहन केले होते त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे ते मागे घ्यावे. मूळ मजकूर गुपचूप पुसून टाकणे पुरेसे नाही, कारण ज्यांनी तो वाचला त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचत नाही.

मागणी पूर्ण झाली असेल तर दिलेला शब्द पाळून खरेच परत जावे, आणि का परत आलो ते मालकाला सांगावे. त्याला ते ऐकायला आवडणार नाही, पण दुसऱ्या एखाद्या मालकापुढे असाच प्रश्न उभा राहील तेव्हा, पगार चुकते केल्यावर गिऱ्हाईक खरोखर परत येते, हे त्याला याच व्यवसायाच्या उदाहरणावरून कळलेले असेल.